ढगाची कातरणी

प्रिय सृष्टी,

अनेक आशीर्वाद. आधी गुन्हा कबूल करतो. पुढच्या महिन्यात ढगाला तिकडे हिमाचलात, पालमपूरला न्यायला येशील तेव्हा तू त्याला ओळखणार नाहीस, कारण मी त्याचे सगळे केस कातरून घेतलेत. फाल्गुनातच उन्हाचा तडाखा सुरू झाला. तू पाठवलेलं डोंगरी कुत्रं ते, दिवसभर जीभ लोंबवून धापा टाकायचं, मला बघवेना. बिरुदेव आपल्या रानात मेंढरं बसवायला आला होता. त्याला म्हटलं, एवढं एक जास्तीचं कातर. तर म्हणतो कसा, "आबा, ह्ये मेंढरू न्हाय, रेडा हाय की!" एक बाजू झाल्यावर ढगानं आपण होऊन कूस बदलली. लई शहाणं लेकरू.

माळशिरसच्या डॉक्टरीणबाईंनी मग माझी बिनपाण्यानं केली. म्हणाल्या, डोंगरी कुत्र्याचे केस म्हणजे अंगावरचं छप्पर, थंडी अडवतात तसं ऊनही अडवतात. विंचरून आतली सुटलेली लव तेवढी काढायची, कातरायचं नाही. आता त्याला सकाळी पाटाच्या पाण्यात बसवतो आणि दुपारभर आतल्या खोलीत, गार फरशीवर. कोपऱ्यातला माठही आता त्याचाच झालाय.

स्वभाव मात्र तसाच. बस म्हटलं की माझ्याकडे बघतो, विचार करतो, पटलं तर बसतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, असला एक घरात आधीच आहे. दूधवाल्या मल्लेशवर भुंकत नाही, नुसता दारात आडवा उभा राहतो. मी हो म्हटल्याशिवाय किटली आत येत नाही. परवा दावं सोडवून पळाला, तेव्हा मी "ढग आला, ढग आला" ओरडत मागे धावलो, तर निम्मी गल्ली वर आभाळाकडे बघायला लागली!

आणखी एक खोड. मी ताटावर बसल्याशिवाय तो जेवत नाही. त्यामुळे दोन्ही वेळा चूल पेटते. तुझी आई गेल्यावर मी कितीतरी रात्री चहा-बिस्किटावर काढल्या. फोनवर तुला "जेवलो" म्हणायचो, ते खोटं होतं.

ढग आता पुरता वाढलाय, इथले उन्हाळे त्याला झेपायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. तू त्याला न्यायला येते म्हणालीस आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला, कारण पुढचं तोंडातून निघेना. ते लिहितो. दोन वर्षं तू मला तिकडे चला म्हणतेस आणि मी उसाचं निमित्त सांगतो. ऊस जोतिरामाला वाट्यानं दिलाय. येताना गाडीत माझीही जागा धर. सोबतीला कुत्रा पाठवून बापाला ओढून न्यायचा बेत तुझा पहिल्यापासूनच होता ना? चुकीची भरपाई म्हणून बिरुदेवानं एक घोंगडी दिलीय. ढगाचे केस येईपर्यंत तिकडच्या थंडीत आम्हा दोघांना पुरेल.

तुझाच,
आबा