मान्यतेची सही

वेस्ट मांबलम, चेन्नई

प्रिय सुधींद्र,

अनेक आशीर्वाद. दर रविवारी अंबत्तूरहून फोन करून तू माझ्या गुडघ्यांची चौकशी करतोस, आणि मी तेलाचे नाव सांगून वेळ मारून नेतो. जे सांगायचे ते जिभेवर येत नाही, म्हणून लेखणी हाती घेतली.

न्यायाधिकरणाने तुझा अर्ज फेटाळल्याचे धाकट्या श्रीहरीकडून कळले. त्याची लेक वाणी कायदा शिकते. निकालाचा अर्थ तिनेच मला समजावला. रेशनच्या अफरातफरीच्या आरोपातून लष्करी न्यायालयाने तुला निर्दोष सोडले, परंतु वरिष्ठांनी त्या निकालावर मान्यतेची सही केली नाही. फेरविचारातही न्यायालयाने तेच म्हटले. सही तरीही झाली नाही. पुन्हा खटला चालवता येईना, तेव्हा कारणे दाखवा नोटीस देऊन तुला सेवेतून दूर केले. न्यायाधिकरण म्हणते, ही शिक्षा नव्हे, केवळ प्रशासकीय व्यवस्था आहे. हे ऐकून मी संतापलो. एका दोषाला दोन प्रायश्चित्ते सांगू नयेत, आणि येथे तर दोषच सिद्ध नाही, असे कितीतरी बोललो. वाणीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ताता, न्यायाधिकरणाचं ते वाक्य तर तुमचंच की! आजीच्या श्राद्धाला सुधींद्र पेरियप्पांना तुम्ही हेच सांगितलं होतंत.



गेल्या वर्षी तुझ्या आईच्या, गोदेच्या तिथीला तू स्नान करून, ओल्या पंच्यानेच समोर येऊन बसलास आणि दर्भाच्या पवित्रकासाठी हात पुढे केलास. ज्येष्ठ पुत्राचाच तो अधिकार. श्राद्ध सांगणारे वाध्यार थांबले होते, जमलेले आप्त पाहत होते. मी ते पवित्रक श्रीहरीच्या बोटात घातले आणि म्हणालो, ही शिक्षा नव्हे रे, एक व्यवस्था आहे. तू चोरी केली नाहीस, हे मला ठाऊक होते. मला भीती होती ती लोकांच्या कुजबुजीची. तू पुढे केलेला हात हळूच मागे घेतलास, सदरा चढवलास आणि पानावर न बसता निघून गेलास. इतकी वर्षे धर्मशास्त्र शिकवून त्या क्षणी मला त्यातले एक अक्षर आठवले नाही, याची लाज कोणत्या शब्दांत लिहू?

येत्या गुरुवारी तिथी आहे. कर्ता सुधींद्र, असे वाध्यारांना कळवले आहे. आप्तांनाही बोलावले आहे. जे त्यांच्यादेखत घडले ते त्यांच्यादेखतच फिरवायचे आहे. श्रीहरीने तर स्पष्ट सांगितले की अण्णा आला नाही तर मीही बसणार नाही. पवित्रक मी स्वतः वळले आहे, माझ्याच बोटाच्या मापाने. तुझी बोटे माझ्यासारखीच जाड आहेत. सरकारचा निर्णय माझ्या हाती नाही. या घराचा मात्र होता, आणि तोही मी वर्षभर अडवून धरला. यावेस, एवढीच विनंती.

उशिरा सही करणारा, तरीही तुझाच,
अप्पा