अळंबीवरचे भुंगेरे

बाबा,

आपल्या भाईंदर पूर्वच्या घराला बाल्कनी एकच, आणि ती तुमच्या डब्यांनी अडवलेली. रविवारी लोक मटण आणायचे. तुम्ही घोडबंदरच्या बाजूच्या रानातून, मेलेल्या खोडांवर वाढलेली कडक अळंबी आणायचात. बिस्किटांच्या डब्यात ती, वर मलमलचं फडकं. तिच्यावरच जगणारे भुंगेरे, काळ्या पाठीवर नारिंगी पट्टेवाले, अळीपासून पूर्ण वाढेपर्यंत वहीत उतरवायचे होते तुम्हाला. दोन वर्षं अळ्या मेल्या. तिसऱ्या वर्षी टिकल्या. "आठवडाभरात बाहेर येतील बघ," तुम्ही सांगताय, आणि मी तोंड वाकडं करून उभी आहे. माझी दहावी झालेली, मैत्रिणी घरी यायच्या, आणि शेजारच्या काकी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारायच्या, "भाभी, कीड़े पालते हो क्या?" लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याच वर्षी मे महिन्यात आईच्या तांदळात किडे झाले. "तुमचेच आलेत," ती म्हणाली. "अगं, हे अळंबी सोडून कशाला तोंड लावत नाहीत," तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर तिने तांदूळ गच्चीत पसरले आणि मला राखणीला बसवलं. मी खाली येऊन तुमचा अळ्यांचा डबा वर नेला. अळंबी फोडून तांदळाशेजारी उन्हात मांडली. दुपारपर्यंत अळ्या वाळून गेल्या. मग सगळं होतं तसं भरून ठेवलं.

संध्याकाळी तुम्ही फडकं काढलंत. अळंबीचा एक तुकडा उचलून बोटांनी चाचपलात. मग आईला म्हणालात, "तांदळाबरोबर हेही वाळवलंस?"

"मी हातसुद्धा नाही हो लावला."

"नको होते तर सांगायचं होतंस."

मी शेजारीच ताटं मांडत होते. तोंड उघडलं नाही. रागावला असतात तर कदाचित रडून बोलले असते, पण तुम्ही नुसती वही मिटलीत. पुन्हा रानात गेला नाहीत. आईने विषय काढला की उठून जायचात. तुमच्या आजारपणातही तिने एकदा काढला होता, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

आई आता थकलीय. परवा म्हणाली, "त्या डब्याला मी हात लावला नव्हता, हे यांना शेवटपर्यंत पटलं नाही गं." मी म्हटलं, "जाऊ दे ना आई, किती जुनं ते." बाबा, तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही नाही आहात. ती आतल्या खोलीत पडलीय, आणि मी हा कागद कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवणार आहे, जिथे तिचा हात पोचत नाही.