धरणावर मी नुसती बसले होते

रोहिणखेड,
सोमवार, दुपार (भांडी अजून पडलीच आहेत)

तीर्थस्वरूप सिंधूआत्यांना योगिनीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? तेल लावता की नुसतीच बाटली उशाशी ठेवता? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलं आहे, कारण आमच्या हर्षलनं देऊळगाव राजाहून तुम्हाला काय काय कळवलं असेल ते मी ओळखून आहे. भावाच्या तोंडून ऐकलंत, आता बहिणीच्या हातचं वाचा. (फोनवर सांगितलं असतं, पण घरातले सगळे कान देऊन बसतात.)

झालं असं की, मागच्या आठवड्यात मी मोबाइलवर एक सिनेमा पाहिला. त्यात एक बाई तळ्याकाठी बसते. पूर्ण सिनेमाभर बसते. मध्ये एकदा उठली तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी घडणार, पण तिनं आतून शाल आणली आणि परत बसली. (आमचे हे म्हणाले, हिच्या घरी दळण नसते का? हे म्हणजे गजेंद्र, नाव लिहिलं की पत्र उगाच नव्या जमान्याचं वाटतं.) सिनेमा संपला, पण ते तळं काही माझ्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना परातीत धुकं दिसायला लागलं. वांगी तोडायला वावरात गेले तर एका वांग्याच्या जांभळ्या रंगात अशी हरवले की भाजीचं कॅरेट रिकामंच राहिलं.

त्यात ह्यांनी आम्हा दोघांच्या फोनवर वेळ सत्कारणी लावायचं एक ॲप टाकून ठेवलेलं. वेळ लावून फोन बाजूला ठेवला की त्यात एक झाड वाढतं, मध्येच हात लावला की वाळून जातं. आत्या, भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाला झाडांची काय हौस असावी? पण मिरचीवर माव्याची कीड पडली तरी चालेल, फोनमधला कडुलिंब जगला पाहिजे, अशी ह्यांची गत झालेली.

तर काल रविवारी जेवणं आटोपल्यावर मी सासूबाईंना “येते जरा” म्हणून निघाले आणि रिक्षानं नळगंगेच्या धरणावर गेले. पाण्याचा फोटो काढला, “आता फक्त शांतता. कुणी शोधू नका,” असं लिहून स्टेटसला टाकला (तेव्हा फार सुंदर वाटलं होतं), झाड लावलं आणि फोन पिशवीत तळाशी घातला. मग खरंच बसले. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. एक बगळा उडाला, त्याच्याबरोबर पाण्यातलाही उडाला, आणि मला वाटलं, आपलीही अशी एक पाण्यातली योगिनी असेल, तिला स्वयंपाक नसेल. डोळा लागला की नाही, देव जाणे.

इकडे हर्षलनं स्टेटस पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. सगळ्यांनी मला फोन लावले, माझं तर झाड वाढत होतं. मग हर्षलनं ह्यांना लावला. ह्यांचंही झाड वाढत होतं! फोन समोर वाजतो आहे आणि हे म्हणतात, थोडाच वेळ राह्यला. शेवटी त्यानं आमच्या शेजारच्या सारिकाला फोन केला, ती फोटोतलं धरण ओळखून धावत घरी आली, आणि सासूबाईंनी आपल्या पोराच्या पाठीत असा धपाटा घातला म्हणे की तो त्यांना मागं बसवून तडक गाडीलाच किक मारून मोकळा झाला.

मला हाक ऐकू आली ती, “योगिनी वं!” वळून पाहते तर सासूबाई, चपला हातात, डोक्यावरचा पदर खांद्यावर, काठावरून पळत येताहेत. “काय कमी केलं वं बाई आम्ही तुले?”

“काही नाही हो आई, पाणी पाहून राह्यले.”

“पाणी घरी नाही का?”

त्या धापा टाकत माझ्याजवळ बसल्या. आता उठवतील म्हणून मी पिशवी आवरली, पण त्या उठेनात. चपला बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, “लग्न होऊन आली तवापासून इथं कपडे धुवाले आली, म्हशी धुवाले आली. नुसती बसाले कधी आलीच नाही वं मी.” आत्या, ज्या बाईला मी इतकी वर्षं भ्याले, तिचा हात माझ्या हातात होता. हे मागं उभे. तोंडावर रंग नाही. म्हणाले, “तुले फोन लावू लावू माझं झाड वाळलं,” आणि मग माझ्या पदराचं टोक मुठीत धरून तेही खाली बसले. मला हसू आलं आणि रडूही आलं. आम्ही तिघंही पाणी पाहत बसलो.

संध्याकाळी हर्षल जीप भरून माणसं घेऊन आला. त्या सगळ्यांना पिठलं-भाकरी करता करता शांतता कुठल्या कुठे गेली. स्टेटस काढलं आहे. तुमच्या जिवाला घोर लावला, त्याबद्दल रागावू नका.

तुमची,
योगिनी

ता. क. सासूबाईंनी सकाळी विचारलं, समुद्र धरणाहून मोठा असतो काय? मी म्हटलं, आमच्या आत्यांच्या रत्नागिरीच्या अंगणातून दिसतो, चला. मलकापूरहून आम्हा दोघींची तिकिटं काढली आहेत. आठ दिवस ठेवून घ्याल ना? ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणखी ता. क. सासूबाईंची एकच अट आहे. समुद्राकडे बघताना कुणी बोलायचं नाही. आत्या, खरं सांगा, तुम्हाला जमेल?