हीटरची नळी, दुहेरी शिलाई

२ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई लिहिणार. लिहून झालं की वाचायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ती हसली. हसलेलं लिहू नकोस म्हटलं, तर तेही लिहिलं.

संकल्प एकच. माझी थोरली बहीण डोंगरावरचं घर सोडून सोळा तारखेला लेकाबरोबर चाललीय, समुद्रापलीकडे, कायमची. ऐंशी उलटलेली बाई, परत कुठली येतेय! त्याआधी तिच्या दारात जायचं. आमच्याच गाडीतून. सात वर्षांपूर्वी म्हणाली होती, "तुझा हा डबा डोंगर चढला तर मी नाव बदलीन." आमचे हे तेव्हा होते, गाडी त्यांची. ते हसले नि विसरले. मी विसरले नाही. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. भांडण काही नाही. नुसतं बोलत नाही.

३ जानेवारी

गाडीखाली हिरवं पाणी. मुलाने बॉनेट उघडलं. इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे नेणारी रबरी नळी टोकाला चिरलीय. वर कडाक्याची थंडी, हीटर हवाच. मुलगा म्हणाला, मेकॅनिककडे टाकू. म्हटलं, टाकायला ती काय रद्दी आहे? हे जन्मात मेकॅनिककडे गेले नाहीत.

सूनबाई म्हणते, दर महिन्याला जायचे. म्हटलं, ते गप्पा मारायला.

५ जानेवारी

मी खुर्ची टाकून बसले, मुलाकडून चिरलेलं टोक कापून घेतलं, उरलेली नळी चढवून पट्टा आवळून घेतला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. विरलेली कड कापून टाकायची असते हे मला कोणी शिकवू नये. गळती बंद. शनिवारी निघायचं.

६ जानेवारी

पुन्हा गळती. मुलाने तिरकं कापलं होतं. आणखी कापायला लावलं.

७ जानेवारी, शनिवार

तिसऱ्यांदा कापली. आता नळी पोहोचतच नाही. म्हटलं, अरे, कापताना थोडी माया ठेवावी, शिवणात ठेवतात तशी. तो म्हणाला, "आई, 'अजून काप, अजून काप' कोण म्हणत होतं?" असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

जाणं पुढच्या शनिवारवर गेलं. बरंच झालं. थोरलीला सामान बांधायला सवड मिळेल.

९ जानेवारी

भाच्याचा फोन. आईला न्यायला आलाय. म्हणाला, आई विचारतेय, मावशी येतेय का. स्वतः विचारायला तिची जीभ झिजते का? सांग म्हटलं, शनिवारी. गाडीतून. "गाडीतून" दोनदा सांगितलं.

सूनबाई म्हणाली, सकाळी सातची बस आहे, चार तासांत पोहोचाल, मी येते सोबत. गुणी पोर आहे, पण तिला कळत नाही. बसने गेले तर नाव मलाच बदलावं लागेल.

१० जानेवारी

युक्ती सुचली. इतकी सोपी की आधी का सुचली नाही म्हणून स्वतःचाच राग आला. जुना रेनकोट फाडला, चांगला जाड. नळीला जेवढं कमी पडत होतं तेवढा जोड मशीनवर शिवून काढला. दुहेरी शिलाई. मुलगा म्हणाला, "आई, सुईची भोकं?" म्हटलं, तुझी शाळेची पँट अजून उसवलेली नाही. पाना घेऊन जोड बसवायला गेला. शहाण्याला शब्दाचा मार.

११ जानेवारी

गाडी सुरू केली. टाक्याटाक्यातून पाणी. मुलाच्या चष्म्यावर वाफ.

एक मात्र नोंदवून ठेवते, शिलाई सरळ होती. धारासुद्धा एका रेषेत पडल्या, सारख्या अंतरावर. सूनबाई तोंड फिरवून आत पळाली. आताही तिचा हात हलतोय. अक्षर वाकडं आलं तर माझा दोष नाही.

१२ जानेवारी

दमले. दिवसभर बसून होते, तरी दमले. मेकॅनिकला बोलाव म्हटलं. ही हार नव्हे. त्या बिचाऱ्यालाही कामधंदा हवा.

त्याने तो जोड उलटसुलट करून पाहिला. "हे कोणी शिवलं? हात चांगला आहे." मग म्हणाला, नवी नळी मागवावी लागेल, शनिवारी येईल, बसवायला वीस मिनिटं. "आजी, पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

वीस मिनिटं. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम.

१४ जानेवारी, शनिवार

नळी आली नाही. उद्या सकाळी नक्की. उद्या दुपारी निघायचं, संध्याकाळी तिच्या दारात. हॉर्न मी वाजवणार.

१५ जानेवारी, रविवार

दहाला मेकॅनिक आला. साडेदहाला नळी बसली. थेंब नाही. स्वेटर चढवून गाडीपाशी आले, तर फाटकात थोरली. हातात पिशवी, मागे भाचा दोन बॅगा ओढतोय. बसने आले.

"तुझा डबा काही येईना," म्हणाली, "म्हटलं आपणच खाली उतरावं." घराची किल्ली कालच देऊन टाकली म्हणे. वर आता तिचं दार नाही.

तिला गाडीत बसवलं. हीटर लावला. अंगणातच, जागच्या जागी. तिने हात पुढे धरले. "ऊब चांगली येते गं. नाव बदलू का?" म्हटलं, राहू दे आता, तुझे पासपोर्टचे कागद झालेत.

घरभर माणसं, चहा, बॅगा. नीट बोलणं झालं नाही. उद्या विमानतळावर आपल्या गाडीनेच सोडायचं. दोन तासांचा रस्ता. सात वर्षांचं सगळं तेव्हा बोलून घेईन. कुठून सुरुवात करायची तेही ठरवलंय.

१६ जानेवारी

सोडून आलो. रस्ता सपाट, एक चढ नाही. हीटर उत्तम चालला. इतका उत्तम की पहिल्या वळणालाच थोरलीला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर. दोन तास. मुलगा म्हणाला, उठवू का? नको म्हटलं.

येताना हीटर बंद करायला सांगितला.

सूनबाई, आता वाचलंस तरी चालेल. पहिल्यापासून वाच. मोठ्याने.