खालच्या फळीवरची गाईडं

१२ जानेवारी, रविवार

कचरा म्हणाले! नंदकुमार काका. सगळ्या पोरांसमोर.

मंडळाच्या खोलीत वाचनालय सुरू करायचंय, माघी गणपतीला उद्घाटन. कपाटं आली. थोरांची चरित्रं आली, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आली. मी आमच्या माळ्यावरून व्हिडिओ गेमची जुनी गाईडं काढून नेली – कुठल्या गेममध्ये कुठे जायचं, काय शोधायचं, कुणाला कसं हरवायचं हे सगळं नकाशांसकट छापलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं. धूळ पुसली, फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावली, सगळ्यात खालच्या फळीवर मांडली. पोरांचा हात पोचावा म्हणून.

चरित्रांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. या फळीसमोर मात्र पोरं मांडी घालून बसली. वाचत होती! नकाशावर बोट ठेवून, अडलेला शब्द एकमेकांना विचारत.

तेवढ्यात काका आले. मंडळाचे अध्यक्ष ना! "हे काय गं प्रांजल? खेळाच्या पुस्तकांना वाचन म्हणतात का? उचल हा कचरा." मग पोरांना, "चला रे, उठा."

उठली बिचारी. आणि मी गप्प. पदवीधर, आणि तोंडातून शब्द नाही!

१३ जानेवारी, सोमवार

काल बोलायला हवं होतं ते सगळं आज मेट्रोत सुचलं. घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत काकांशी मनातल्या मनात भांडले. जिंकलेसुद्धा. काय उपयोग?

१५ जानेवारी, बुधवार

केयूर भेटला कोपऱ्यावर. इंजिनीयर झाल्यापासून मंडळात त्याचा शब्द खाली पडत नाही. "यार प्रांजल, इतके जुने गेम खेळतं कोण? आणि अडलंच तर यूट्यूबवर सगळं आहे ना!"

आहे. माहितीये मला. पण व्हिडिओत दुसरा माणूस खेळतो आणि आपण बघतो. तो डावीकडे वळला की आपण डावीकडे. गाईडमध्ये आपल्याला शोधावं लागतं. अनुक्रमणिका वापरायची कशी हे मला शाळेने नाही शिकवलं, या पुस्तकांनी शिकवलं. कुणीतरी तो गेम पुन्हा पुन्हा खेळून, मागून येणारा कुठे अडेल याचा विचार करून नीट ओळीने लिहून ठेवलंय. याला कचरा म्हणायचं?

दादाने नववीत शाळा सोडली, एसी दुरुस्तीच्या कामाला लागला आणि पहिली मोठी वस्तू घरात आणली ती टीव्हीला जोडायचा सेकंडहँड गेम. नेट नव्हतं. मग फोर्टच्या फूटपाथवरून ही गाईडं. तो खेळणार आणि मी शेजारी बसून वाचणार, मराठीत करून सांगणार. "तू वाच, माझे हात अडकलेत" – हे त्याचं ठरलेलं वाक्य. रिमोट मला कधी मिळालाच नाही! तेव्हा इतका राग यायचा.

"मशालीच्या मागे कळ आहे की खाली? नीट वाच गं!"

मी डिक्शनरी काढायची. शाळेत शब्द चुकला तर मार्क जायचा. इथे शब्द चुकला तर दादा मरायचा! मग आरडाओरडा, आणि गेममधला किल्ला पहिल्यापासून. मी अशी शिकले इंग्रजी. शिकवणीने नाही.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या मंडळाची मीटिंग. मी विषय घ्यायला लावलाच! काका म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी मीटिंग?" एवढीशी नाहीये ती.

दादा कमिटीत आहे. त्याला सांगितलं, उद्या माझ्या बाजूने बोल. "मी काय बोलू? तूच बोल ना, शिकलेली तू."

"अरे, नुसतं हो म्हण."

"बघू."

हे "बघू" मला अजिबात आवडलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

माझा भाऊ! माझा सख्खा भाऊ!

ओळीने लिहिते, नाहीतर फाडून टाकीन पान.

मी चांगली बोलले. खरंच चांगली. काका हसत म्हणाले, "तुझी गोष्ट वेगळी गं. तू मुळातच हुशार. तू ग्रॅज्युएट झालीस तेव्हा तुझा फ्लेक्स आम्हीच लावला की नाही नाक्यावर?"

मी म्हटलं, "मी एकटी नाही, काका! दादाही यातूनच इंग्रजी शिकला. नववीत शाळा सुटलेला माणूस! त्यालाच विचारा." आणि किल्ल्याचं पान उघडून मी गाईड दादाच्या हातात दिलं. "दादा, वाचून दाखव यांना."

दादाने घेतलं. पानाकडे बघत राहिला. एक पान मागे उलटलं, परत पुढे. केयूर म्हणाला, "होऊन जाऊ दे, सिद्धेश!"

दादाने पुस्तक मिटलं. "काका बरोबर बोलतायत. कचराच आहे. रद्दीत द्या."

"झालं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "घरातूनच निकाल लागला." सगळे हसले. गाईडं गोणीत भरली. माझ्या डोळ्यांसमोर.

घरी येऊन विचारलं, का केलंस असं? तर म्हणतो, "जेव गप."

लाज वाटते त्याला. चार लोकांत व्हिडिओ गेमवाला म्हणून ओळख नको आता! एवढाच अर्थ.

२० जानेवारी, सोमवार

दादाशी बोलत नाही. ताटही वेगळं घेतलं.

आई म्हणाली, "बोल गो तेच्याशी."

"का बोलू? त्याने माझी इज्जत काढली."

"आणि तू तेका सगळ्यांसमोर वाचूक कित्याक लावलंस?"

"मानाने दिलं ना मी! कौतुकाने!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तव्यावरची भाकरी उलटली. ती नेहमी त्याचीच बाजू घेणार.

पण मी गप्प बसणार नाही. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं – "ज्यांना ही पुस्तकं कचरा वाटतात त्यांनी त्यातलं एक पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं आणि मगच बोलावं. हे घरच्यांनाही लागू आहे."

निळ्या खुणा लागल्या पटापट. केयूरचे हसरे चेहरे आले. दादानेही पाहिला मेसेज, उत्तर नाही. कधी टाइप करतो तो? नुसते व्हॉइस मेसेज. आज तर तेही नाही.

छान वाटलं. खूप दिवसांनी छान वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑफिसमधून आले तर दारात ती गोणी! दादा रद्दीवाल्याच्या आधी जाऊन घेऊन आला होता. आत माळ्यावरचा गेम खाली काढलेला, लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरी टीव्हीला लावलेल्या. स्क्रीनवर तोच किल्ला. दादा जमिनीवर बसलेला, मांडीवर गाईड उघडं.

"आता कशाला?" मी म्हटलं. "कचरा ना?"

"बस जरा."

"नाही बसत."

"अगं, अडलोय इथे. पुढे काय लिहिलंय?"

"पुस्तक तुझ्या मांडीवर आहे. तूच वाच!"

माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू वाच ना. माझे हात अडकलेत."

रिमोट जमिनीवर पडला होता. त्याच्या दोन्ही हातांत काहीच नव्हतं.

बसले मी. वाचलं. उत्तरेचा बुरुज, मशालीच्या मागे कळ.

"मागे ना? खाली नाही?"

"मागे, दादा."

मग त्याने रिमोट उचलला.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी उठल्या उठल्या ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. पण सगळ्यांनी वाचला होता. दादाने तर नक्कीच. मराठीत होता.