नळी बदलल्याशिवाय कुंदाला बसवू नये

मी, हिलाल पंडित पाटील, वय बावीस, राहणार मेहरूण, जळगाव, धंदा मोटार दुरुस्ती, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे सांगतो. छाती भाजली आहे, हात बांधलेले आहेत. म्हणून इस्पितळातल्या शेजारच्या खाटेवरचे तोताराम भाऊ लिहून घेत आहेत. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हे आजच वाचावे.

१. पान्यांची पेटी सुपडू मिस्तरींची. वर्गाच्या फळ्यावर माझ्या नावाशेजारी कुंदाचे नाव लिहिणाऱ्याला मी बडवले आणि कॉलेज सोडले, तेव्हा त्यांनी काही न विचारता हातात पाना दिला. आजही त्या पोराला बडवीन.

२. सायकल आई भागाबाईची. कॉमर्सची पुस्तके तिने रद्दीत घालावीत. ती उशाशी बसून विचारते, "हाई काय लिखी राह्यना रे भाऊ? तू बरा व्हशी." आई, रडू नको, तोताराम भाऊंचे अक्षर बिघडते.

३. कुंदाचे वडील बन्सीलाल नाना यांना काही नाही. माफीसुद्धा नाही. पाठवणीसाठी सजवायची त्यांची अँबॅसिडर अडखळत, मिसिंग मारत होती, म्हणून गॅरेजला आली. मी चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर काढून पाहिली. दोन नंबरची काढली तरी आवाज बदलेना, म्हणजे तिथे ठिणगीच पोचत नव्हती. प्लगांना वीज वाटणाऱ्या डेल्कोच्या झाकणाला तडा होता, झाकण बदलले. तरी इंजिन तापले की झटके खायचे, आणि पेट्रोलचा वास. पंपापासून कार्बोरेटरला जाणारी रबरी नळी फाटली होती. नानांना म्हटले, गाडी आज मिळणार नाही.

"तू मिस्तरी आहे का जावई? लग्न लांबवायला बहाणे करतो!"

मी पण बोललो, नको ते बोललो. मी नळी सोडवत असताना रागाच्या भरात त्यांनी स्टार्टर मारला. पेट्रोल माझ्या छातीवर उडाले, मोकळ्या वायरची ठिणगी पडली. वाळू टाकून गाडी वाचवली.

४. कळले की दुसऱ्या मिस्तरीने त्याच नळीला गळती थांबवायला साबण लावून चिंधी बांधली. साबण तिच्या सासरी, पाचोऱ्यापर्यंत टिकणार नाही. उद्या कुंदा त्या गाडीत बसणार. माझे कोणी ऐकणार नाही, सगळ्यांना वाटते मला लग्न मोडायचे आहे. हो, मोडावेसे वाटत होते. आता फक्त नळी बदला. नवी पेटीच्या वरच्या कप्प्यात आहे. सुपडू मिस्तरींनी हा कागद नानांच्या दारात मोठ्याने वाचावा.

५. कुंदाला काही ठेवत नाही. ठेवले तर सासरी तिला बोलणी बसतील.

कॉलेजात गेलेला माणूस अंगठा देतो आहे, तोही पायाचा. हसणाऱ्याने हसावे.

हिलाल पंडित पाटील (डाव्या पायाचा अंगठा)
साक्षीदार: तोताराम, सुपडू
जळगाव, ९ मे १९८८

मागच्या बाजूस, सुपडू मिस्तरी:
दारात वाचले. नाना अंगावर आले. कुंदा हळदीच्या अंगाने बाहेर येऊन म्हणाली, "नळी बदलल्याशिवाय मी बसत नाही." बदलली. चिंधी पेट्रोलने ओलीच होती. आता इंजिन एका सुरात चालते. हे हिलालला सांगायला परत आलो, तर चादर त्याच्या तोंडावरून ओढलेली होती आणि भागाबाई खाटेखालून त्याच्या चपला काढत होत्या.