लिंबाजीचा उजवा गुडघा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोतीराम,

सप्रेम जय भीम.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच परत पाठवशील, म्हणून पत्ता तुझ्या आशावहिनीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोन तू घेत नाहीस. करमाडला दोनदा आलो होतो. फाट्यावर चहा घेतला आणि मिळेल त्या गाडीनं माघारी फिरलो.

इकडे सगळं ठीक. या वयात असतं तितकं ठीक. साखर वाढलीय, दोन दाढा काढल्या. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सकाळी मैदानाला एक चक्कर मारतो, दुसरी होत नाही. लेक मेघा नोकरीला पुण्यात असते, दिवाळीला चार दिवस येऊन गेली. तुझी आई, मालनबाई, गेल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. यायला हवं होतं. कपडे घालून दारापर्यंत गेलो, पण तुझ्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं ते कळेना. चपला काढून परत आत आलो.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपला लिंबानी आलाय.

तिकडं मलावीत गुडघा बदलायला खर्च फार, म्हणून इकडं आला. मुंबई-दिल्ली सोडून इथंच का, असं विचारलं तर म्हणाला, "सर, आप यहाँ हैं ना." आता बेचाळीस वर्षांचा आहे. कानशिलावर पांढरे केस, पोट सुटलंय, काठीशिवाय चालत नाही. गावाकडं कोंबड्या पाळतो. पण स्टेशनावर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न काय, तर "माँ कैसी है?" मालनबाईंचा. गेल्या म्हणून सांगितलं तर तिथंच बॅगेवर बसला. त्या म्हणायच्या ते आठवतं का? "मला नाय जमत तुमचं लिंबानी-फिंबानी. लिंबाजी म्हणते मी. ए लिंबाजी, भाकर खा रे, लई हडकलास." आमच्या संस्थेच्या कॉलेजात बी.कॉम.ला आलेलं ते पोरगं तुमच्याच घरी मोठं झालं म्हणायचं.

त्याचं पुढचं सगळं तुला ठाऊक असेल, नसेलही. तू फुटबॉलचं नावच टाकलंस असं ऐकलं. गोव्यात दोन हंगाम खेळला. तिथून दक्षिण आफ्रिकेतल्या क्लबनं उचलला. मग देशाच्या संघात, चौदा नंबरचा शर्ट, पाच वर्षं. एकेचाळीस सामने, तेवीस गोल. प्रत्येक गोलनंतर मला फोन यायचा. आधी एसटीडी बूथवाल्याकडं निरोप, नंतर मोबाइलवर. "सर, लेफ्ट फुट." एवढंच बोलायचा आणि हसायचा. मी शाळेत पेढे वाटायचो. पोरांना सांगायचो, ह्याला मी घडवला. २०१२ साली मोझांबिकविरुद्ध खेळताना आर्मांदो नावाच्या बचावपटूनं खालून पाय घातला आणि त्याचा उजवा गुडघा गेला. एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला. त्या रात्री फोन आला नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघ्याचे नवे एक्स-रे पाहिले आणि विचारलं, "ह्या गुडघ्याला त्याआधी कधी मार लागला होता? हे जुनं दिसतंय." लिंबानी म्हणाला, "एक बार छावनी में लगा था. फिल्म में कुछ नहीं निकला था. सर को पूछो." दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, नाही, तसं काही नव्हतं. लिंबानी म्हणाला, "सर बोले तो नहीं ही होगा."

मोतीराम, मी परत तेच केलं. साठी उलटली, लिंबानी काठी टेकत दारात आला, तरी जीभ तिकडंच वळली.

घरी आलो तर जेवण जाईना. आशाला सगळं सांगितलं. तिला आजवर ठाऊक नव्हतं, एवढंच तुला सांगतो. तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "आन् ज्या माणसाच्या आईच्या हातचं तुमी इतकी वर्सं खाल्लं, त्याच्याशी असं वागलात?"

आता सरळ लिहितो. इतकी वर्षं आपण दोघंच जाणत होतो ते. २००४ च्या जानेवारीत, शुक्रवारी दुपारी, तू तुझ्या नोकरीच्या दवाखान्यातून सायकलवर मैदानात आलास. लिंबानीच्या एक्स-रेचं पाकीट माझ्या हातात दिलंस. म्हणालास, "काका, ह्याला रविवारी उतरवू नको. हाडाचा टवका उडालाय. डॉक्टर म्हनतेत दीड महिना प्लास्टर, नायतर गुडघा कामातून जाईल." मी म्हणालो, बरं. रविवारी अंतिम सामना होता. गोव्याचा माणूस बघायला येणार होता. आणि संस्थेच्या अध्यक्षांनी मला शब्द दिला होता की चषक आणलास तर कायम करतो. सात वर्षं मी खेळाचा शिक्षक म्हणून तासिका तत्त्वावर राबत होतो. पाकीट मी घरी कपाटात ठेवलं. लिंबानीला सांगितलं, फिल्ममध्ये काही नाही, नुसता मुरगळलाय. गुडघ्याला क्रेप बँडेज मी माझ्या हातानं बांधलं. त्यानं दोन गोल केले.

इथवर एक वेळ स्वतःला माफ करता आलं असतं. म्हणायचो, मी अहवाल दाखवला असता तर तो बसून राहिला असता, गोव्याच्या माणसानं त्याला पाहिलंच नसतं, चौदा नंबरही नाही आणि तेवीस गोलही नाहीत. कित्येक वर्षं ह्याच टेकूवर उभा होतो.

पण पुढच्या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, पोरगं खेळलं कसं? रिपोर्ट तुम्हाला मिळाला नाही का? मी म्हणालो, नाही. मोतीराम आलाच नाही, त्यानं कुठं हरवला असेल. तू कोपऱ्यात उभा होतास. तू म्हणालास, "काका, मी तुझ्या हातात दिलाय." मी खाली बघत राहिलो. डॉक्टरांनी तुला दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही. शेळके सर म्हणतात म्हणजे खरं, साळवे म्हणतो म्हणजे थाप. असंच होणार हे मला बोलायच्या आधी ठाऊक होतं, म्हणून तर बोललो. माझ्या आडनावाच्या माणसावर ते ढकललं असतं तर टिकलं नसतं. तुझी नोकरी गेली, माझी कायम झाली. लोक विचारायचे, दोस्ती का तुटली, तर मी सांगायचो की सोसायटीच्या प्लॉटवरून वाद झाला.

मंगळवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दवाखान्यात गेलो आणि लिंबानीला सगळं सांगितलं. ते टेकूचंही सांगितलं, की अहवाल दाखवला असता तर तो गोव्याला गेलाच नसता. शेवटी एवढंच म्हणाला, "सर, जाना कि नहीं जाना, वो मेरेकू तय करना था."

मग विचारलं, "और मोतीरामभाई?" मी म्हणालो, त्याची काहीच चूक नव्हती.

त्यानं उशाखालचा फोन घेतला आणि कुणाला तरी लावला. इंग्रजीतच बोलला, मोडकंतोडकं. समोरचाही तसाच बोलत असावा. मला उमगलं ते इतकंच की पलीकडं आर्मांदो आहे. तो दर नव्या वर्षाला माफीचा निरोप पाठवायचा आणि ह्यानं एकदाही उत्तर दिलं नव्हतं. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर हा सांगत आला की त्या माणसानं माझा खेळ मारला. त्या माणसाला लोकांनी कसाई नाव पाडलं, पुढं कुणी संघात घेतलं नाही. आणि गुडघा तर इथं, छावणीत, मी बँडेज बांधलं तेव्हाच अर्धा गेलेला. लिंबानी दोनदा सॉरी म्हणाला. फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला वाटत होतं माझ्या खोटेपणानं एकच माणूस उद्ध्वस्त केला. दुसरा समुद्रापार निघाला. त्याला मी पाहिलंही नाही.

खऱ्या गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या, ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून चार पावलं टाकतो. मला मात्र खोलीत बोलावत नाही. डबा आशा नेते. काल तिच्याकडून निरोप पाठवला : येत्या २३ तारखेला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, जुन्या खेळाडूंनी मैदानावर त्याचा सत्कार ठेवलाय. मोतीरामभाई शेजारी बसले तर तो बसेल, नाहीतर नाही.

त्या दिवशी माझं भाषण आहे. सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे. असं लिहितो खरं, पण मी मला ओळखतो. समोर फुलांचे हार आणि ओळखीची तोंडं दिसली की माझी जीभ पुन्हा वळेल अशी भीती वाटते. थकलो रे. चांगलं वागायलाही अंगात जोर लागतो आणि माझ्यात तो कधीच फारसा नव्हता. म्हणून खालचा मजकूर वेगळा लिहितोय. तू आलास, नाही आलास, तरी हा कागद तुझा. कुणालाही दाखव. तुझ्या पोरांना आधी दाखव.

मी खाली सही करणार लिहून देतो की, दिनांक ९ जानेवारी २००४ रोजी श्री. मोतीराम सखाराम साळवे यांनी एक्स-रेची फिल्म व अहवाल वेळेवर माझ्या हातात दिला होता. तो मी लपवला. तो हरवल्याचा त्यांच्यावरील आरोप खोटा असून, तो मी स्वतःच्या नोकरीसाठी केला.

काकासाहेब बाबूराव शेळके